‘रग’ म्हणजे आपली वाकळच की!

‘या वीकेंडला कुठे?’ या प्रश्नाला ‘हिंगोली’ असं उत्तर देऊन बघा. समोरचा दोन सेकंद गप्प होतो. मग विचारतो, ‘तिथं काय आहे?’ ना समुद्र, ना हिलस्टेशन, ना धड ‘व्ह्यू पॉइंट’. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा काढलेला, पाच तालुक्यांचा छोटासा जिल्हा. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव, वसमतची हळद, हिंगोलीचा दसरा. एवढं सांगितलं की जनरल नॉलेज संपतं.

मी गेले ते यातल्या कशासाठीच नाही. मी गेले गालिचा शोधायला!

हसू नका. गेल्या काही वर्षांत आपल्या फ्लॅट्समध्ये एक बदल झालाय, तो तुमच्याही लक्षात आला असेल. आधी टीव्ही मोठा झाला, मग सोफा ‘एल’ आकाराचा झाला आणि आता सोफ्यासमोर ‘रग’ आलाय. त्यातही ‘हँडमेड’ असेल तर भाव वेगळा. पुण्यातल्या एका पॉश होम डेकोर दुकानात मी असाच एक ‘व्हिंटेज पॅचवर्क रग’ पाहिला. जुन्या साड्यांचे तुकडे, त्यावर धावदोऱ्याच्या रांगाच रांगा. शेजारी जाड काळी लोकरी पट्टी, ‘ट्रायबल वूल रनर’ म्हणून. दोन्हीवर पाच आकडी किंमत. माझ्यासोबतची मैत्रीण मराठवाड्यातली. ती पटकन म्हणाली, ‘अगं, ही तर वाकळ आहे! आणि ती घोंगडी!’

दुकानातल्या मुलाला विचारलं, हे बनवलं कुणी? तो म्हणाला, ‘रूरल आर्टिझन्स.’ कुठले? ‘इंडियन.’ झालं. मैत्रिणीचं माहेर हिंगोलीचं. तिच्या घरी राहायची सोय होती. बॅग भरली.

गालिच्याचा नकाशा

आधी थोडं बेसिक. हातानं बनवलेल्या गालिच्यांच्या धंद्यात भारताचं नाव मोठं आहे, पण ते उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यामुळे, काश्मीरमुळे, राजस्थानमुळे. आपल्या बाजूला सतरंजी. अकोल्याजवळचं अकोट सतरंज्यांसाठी जुनं नावाजलेलं. हिंगोली ज्या निजामी मुलखात होती त्याच मुलखातल्या वरंगळचे गालिचे १८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात मांडले होते. वरंगळच्या सतरंज्यांना २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

हिंगोलीचं नाव या यादीत कुठेच नाही. इथे गाठीचे गालिचे कधी विणले गेले नाहीत. पण जमिनीवर अंथरायची हातानं बनवलेली वस्तू प्रत्येक घरात आहे. शेतकऱ्याच्या घरात वाकळ, धनगराच्या घरात घोंगडी. आणि तांड्यावर गेलात तर बंजारा बायकांचा कशिदा, काचा आणि कवड्या लावलेला. हे सगळं ‘माल’ आहे असं मात्र इथे फारसं कुणाला वाटत नाही. वाकळ शिवतात ती घरात लेकरू होणार म्हणून, मुलगी सासरी जाणार म्हणून, नाहीतर थंडी येणार म्हणून.

‘विकत कोण घेतंय वाकळ?’ मैत्रिणीच्या आईनं मलाच विचारलं. मी दुकानातल्या त्या रगचा मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यांनी किंमत वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली आणि म्हणाल्या, ‘एवढ्यात तर म्हशीचं वगारू येतं!’

नर्सीच्या वाटेवर

हिंगोलीहून नर्सी नामदेव जवळच आहे. कयाधू नदीच्या काठचं गाव. संत नामदेवांचा जन्म १२७० चा, आणि परंपरा सांगते की तो इथलाच. नामदेव शिंपी घराण्यातले हे आपण शाळेत वाचलेलं असतं. ‘गुरू ग्रंथ साहिब’मध्ये त्यांची ६१ पदं आहेत, त्यामुळे इथे थेट पंजाबातून शीख भाविक येतात. गावात देऊळ आहे आणि गुरुद्वाराही. मराठवाड्याच्या मधोमध पगडी घातलेले आजोबा आणि गांधी टोपीवाले आजोबा एकाच बाकावर चहा पिताना दिसले की मस्त वाटतं!

सुई-दोऱ्याच्या घराण्यातल्या संताच्या गावाजवळच माझी वाकळीशी ओळख व्हावी हा योगायोग. मैत्रिणीच्या मावशीचं गाव तिथून पुढे. घराच्या ओसरीवर दोघी बसल्या होत्या. सत्तरी पार केलेल्या आजी आणि त्यांची तिशीतली सून. मधे जमिनीवर ताणून अंथरलेलं कापड आणि दोघी दोन टोकांना.

वाकळ कशी होते ते पहिल्यांदाच इतकं जवळून पाहिलं. खाली एक अख्खं लुगडं. त्यावर जुन्या धोतरांचे, साड्यांचे, शर्टांचे थर. फाटका भाग आत जातो, धड भाग वर येतो. वरचा थर म्हणजे तुकड्यांची नक्षी. मग काठापासून धावदोरा सुरू होतो आणि चौकटीच्या आत चौकट असं करत मध्यावर येतो. सगळे थर एकमेकांना धरून राहतात ते फक्त या टाक्यांमुळे. ना मशीन, ना गोंद. टाका जितका जवळ, तितकी वाकळ जास्त वर्षं टिकणार.

‘हे डिझाइन आधी काढता का कागदावर?’ माझा शहरी प्रश्न.

‘काहून काढावं?’ आजी म्हणाल्या. ‘कापडच सांगतंय की कुठं बसायचं ते.’

सूनबाई हसल्या. त्यांना आपण वहिनी म्हणू. वहिनी बारावी झालेल्या, बचत गटाच्या सचिव आणि मोबाइलवर मीटिंगचे फोटो टाकण्यात एक्सपर्ट. वाकळ विकायची आयडिया त्यांची. आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, त्याला पाठिंबा होता आणि नव्हताही. ते पुढे येतंच.

ताशी पंधरा रुपयेसुद्धा नाही

वहिनींनी वही काढली. गावातल्या आणि आसपासच्या लोकांच्या ऑर्डरी. कापड गिऱ्हाइकाचं, दोरा आणि शिवणं यांचं. पाच बाय सात फुटांच्या वाकळीचे किती? ७०० रुपये.

‘किती दिवस लागतात?’

‘घरचं, शेतातलं बघून रोजचे चार तास धरा. बारा दिवस.’

मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. बारा गुणिले चार, अठ्ठेचाळीस तास. सातशे भागिले अठ्ठेचाळीस... ताशी १५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. दोऱ्याचा खर्च त्यातच! आपल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एवढ्यात चहा तरी येतो का?

मागच्या वर्षी एक ‘मोठं गिऱ्हाईक’ आलं होतं. शहरातली एक पार्टी. ती कोण, हे वहिनींनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. वीस नग हवे होते. सगळे एका मापाचे, एकाच रंगसंगतीचे, महिन्यात. गटातल्या बायकांनी रात्री जागून केले. त्यातले सहा परत आले. कारण? टाके ‘अनइव्हन’ आहेत.

‘हातानं घातलेला टाका एकसारखा कसा येईल, ताई?’ वहिनींचा सवाल बिनतोड होता. ‘एकसारखा पायजे तर मशीनवरचा घ्या ना.’

इथे मला त्या धंद्यातली खरी गोम कळली. अपमार्केट गिऱ्हाईक मिळणं अवघड नाही, ते हल्ली स्वतःहून येतं. अवघड आहे ते गिऱ्हाईक आणि बनवणारी बाई यांनी एकाच वस्तूकडे बघणं. शहराला ‘हँडमेड’चं लेबल हवं असतं आणि मशीनची सफाई. गावाला वाटतं, शहरातल्या लोकांना जुनं कापड विकणं हीच फसवणूक. दोघांच्या मधे जो उभा राहतो, तो किंमत ठरवतो. आणि बहुतेक वेळा ती त्याच्याच सोयीची असते.

आठ हजार कुठून आले?

मग आम्ही ओसरीवर बसून हिशेब मांडला. वहिनी, मी, मैत्रीण आणि अधूनमधून आजी. कष्टाचे ताशी ६० रुपये धरले. जास्त नाहीत हे. आठ तासांचे ४८० होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती आणि हे तर कौशल्याचं काम.

अठ्ठेचाळीस तासांचे २,८८० रुपये. दोरा २५०. खालचं नवं सुती कापड ४००. धुणं-वाळवणं १००. झाले ३,६३०. पॅकिंग आणि कुरिअर ३७०. बरोब्बर ४,००० ला वाकळ पुण्यात पोचली. दुकानदार भाडं, लाइट, पगार आणि न खपलेला माल धरून साधारण दुप्पट लावणार. ८,०००.

दचकलात? मीही दचकले होते. मॉलमध्ये मशीनचा, पॉलिएस्टरचा रग याच्या निम्म्यात मिळतो. पण आता उलट बाजूनं बघा. पाच आकडी किमतीचा जो ‘व्हिंटेज पॅचवर्क’ मी पाहिला, त्यात बाईच्या हातात काय पडलं असेल? सातशेच असतील, तर मधले सगळे पैसे गेले कुठे? आणि ८,००० च्या वाकळीत २,८८० बाईला मिळतात, म्हणजे सध्याच्या चौपटीपेक्षा जास्त. एकच वस्तू, महाग वाटणारी, पण एका हिशेबात घर चालतं आणि दुसऱ्यात नाही.

वहिनींनी तो कागद फाडून न टाकता वहीत चिकटवला. ‘गटाच्या मीटिंगला दाखवते,’ म्हणाल्या.

लुगड्यावर पाय?

आता आजींचा मुद्दा. इतका वेळ त्या शांतपणे टाके घालत होत्या. मी मोबाइलवर त्यांना दाखवत होते, शहरात हे कसं वापरतात ते. सोफ्यासमोर रग, त्यावर काचेचं टेबल, त्यावर बुटातले पाय.

सुई थांबली.

‘हे कोणाचं लुगडं हाय, ठावं हाय का? माझ्या सासूचं. त्याच्यावर बूट?’

कुणीच काही बोललं नाही. वाकळीवर झोपायचं, लेकराला तिच्यात गुंडाळायचं, आजाऱ्याला पांघरायचं. पाय लागतातच की झोपेत. पण ते वेगळं आणि बूट वेगळे. वाकळीत घरातली माणसं असतात. आजीचं लुगडं, बापाचं धोतर, लेकाचा शाळेचा शर्ट. ती पायपुसण्याच्या जागी जाणार असेल तर आजींना एक रुपयाही नको होता. वहिनींना मात्र मुलीच्या फीचे पैसे हवे होते. दोघींचंही बरोबर! अशा वेळी बाहेरच्यानं तोंड बंद ठेवावं, हे मी मास कॉमच्या क्लासमध्ये नाही, पण फिरता फिरता शिकलेय.

तोडगा त्यांनीच काढला, संध्याकाळच्या चहापर्यंत. विकायच्या वाकळीत घरचं लुगडं घालायचं नाही. शिंप्याकडचे नवे तुकडे, दुकानातलं सुती कापड, बाजारात मिळणाऱ्या जुन्या साड्या चालतील. आणि गिऱ्हाइकानं स्वतःच्या आईच्या, आजीच्या साड्या पाठवल्या तर त्याची वाकळ करून द्यायची, पण ती पांघरायला किंवा भिंतीवर लावायला. ‘त्येला पायाखाली घेऊ नका म्हणून चिठ्ठी लिवून घाल आत,’ आजींनी सुनेला बजावलं.

मार्केटिंगवाल्या मंडळींनो, हसण्यावारी नेऊ नका. आईच्या साड्या कपाटात पडून असणारे, टाकवतही नाहीत आणि नेसवतही नाहीत असे लोक तुमच्या-माझ्यासारखेच आहेत. यापेक्षा नेमकं गिऱ्हाईक कुठल्या एजन्सीनं शोधून दिलं असतं?

मग पायाखाली काय? घोंगडी!

दुसऱ्या दिवशी कळमनुरीच्या बाजूला गेलो. या पट्ट्यात हटकर धनगरांची गावं बरीच. एका घरात खड्ड्याचा माग होता, म्हणजे विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं माग चालवतो. माग अर्ध्याहून जास्त वर्ष गुंडाळलेलाच असतो, काका म्हणाले. काळ्या लोकरीचं सूत, त्याला चिंचोक्यांची खळ. खळ दिली की उभे धागे ताठ होतात, विणताना तुटत नाहीत. त्यांच्या मागावर पट्टी अरुंद निघते, म्हणून दोन पट्ट्या मधोमध जोडून एक घोंगडी.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, पण भयंकर टिकाऊ. एकेकाळी लष्कराच्या कांबळ्यांना ती लागायची. ती मागणी आटली, बाजारात सिंथेटिक ब्लँकेट्स आली आणि लोकरीचा भाव इतका पडला की कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त झाली. मेंढपाळाला आता पैसा मिळतो तो मटणाचा. साहजिकच कमी लोकरीच्या, वजनदार जातींशी संकर वाढला. म्हणजे घोंगडीचं संकट मागावर नाही, मेंढीच्या पाठीवर सुरू होतं.

पण गंमत बघा. घोंगडी ज्या दोषामुळे मागे पडली तोच इथे गुण आहे. ती टोचते, म्हणून अंगावर नको वाटते. गालिच्याला मात्र अशीच राठ लोकर लागते, मऊ लोकर पायाखाली लवकर झिजते. शिवाय घोंगडीची जागा जमिनीवरच. पाहुणा आला की घोंगडी अंथरायची ही जुनी रीत. इथे आजींचाही आक्षेप नसणार. नैसर्गिक काळा रंग, ना डाय, ना केमिकल. ‘मिनिमलिस्ट’ इंटिरिअरवाल्यांना आणखी काय हवं?

काकांना मी विचारलं, पुण्यात याला चांगला भाव मिळेल, विणाल का? त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ‘पोरगं शिकलंय, ते काय बसणार न्हाई खड्ड्यात,’ एवढंच म्हणाले. मग म्हणाले, ‘चार महिन्यांची ऑर्डर एकदम कुणी देत असंल तर सांगा. एका घोंगडीसाठी माग लावायचा म्हणजे लै तरास.’ व्यवहाराचं बोलले. माग लावायला लागणारा वेळ एका नगाला लागतो तितकाच दहाला. एकेक पीस ऑनलाइन विकण्याच्या आपल्या स्वप्नाला हा साधा हिशेब नेहमी आडवा येतो.

हळदीचा रंग आणि मार्केटिंगचा मोह

परतताना वसमतमार्गे आलो. हळदीचा हा सगळा पट्टा. २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’ला जीआय मिळाला, म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या एका मालाला गावाचं नाव अधिकृतपणे चिकटलं. माझ्या डोक्यात लगेच आयडिया, वसमतच्या हळदीनं रंगवलेली वाकळ! काय सही टॅगलाइन होईल!

पण नाही. हळदीचा पिवळा रंग सुंदर असला तरी उन्हात टिकत नाही. खिडकीजवळ ठेवलेला रग काही महिन्यांत फिका पडणार आणि साबण लागला की लालसर डाग. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. हळद जेवणातच ठेवलेली बरी.

जीआयकडून शिकायचं ते दुसरंच. ‘इंडियन रूरल आर्टिझन्स’ हे नाव नाही. ‘नर्सीजवळच्या बचत गटाची वाकळ’ हे नाव आहे. ज्या वस्तूला गाव असतं, तिच्या किमतीबद्दल गावाला विचारावं लागतं.

जगात काय झालं?

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर तीन गोष्टी सांगते.

पहिली आपल्याला माहीत असलेल्या ‘फॅबइंडिया’ची. जॉन बिसेल या अमेरिकन माणसानं १९६० मध्ये दिल्लीत ती सुरू केली ती दुकान म्हणून नाही, एक्स्पोर्ट कंपनी म्हणून. पानिपतच्या सतरंज्या लंडनच्या ‘हॅबिटॅट’ या फर्निचरच्या दुकानांना जायच्या. ‘हॅबिटॅट’ तेव्हा तरुण नोकरदारांचं लाडकं दुकान होतं, म्हणजे तेव्हाचे तुम्ही-आम्हीच. सतरंजी तीच, फक्त रंग आणि माप त्यांच्या घरांना बसेल असं केलं.

दुसरी ‘जयपूर रग्ज’ची. नंदकिशोर चौधरी यांनी १९७८ मध्ये राजस्थानात चुरूला दोन मागांवर सुरुवात केली. आज हजारो विणकर, त्यातल्या बहुतेक बायका. त्यांच्या ‘मनचाहा’ मालिकेत नकाशा डिझायनरचा नसतो, विणणारी स्वतःच्या मनानं विणते. टाका अनइव्हन म्हणून माल परत करण्याच्या अगदी उलट! या गालिच्यांना परदेशी डिझाइन पुरस्कार मिळालेत.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली आणि जरा सावध करणारी. अलाबामात ‘जीज बेंड’ नावाची वस्ती आहे. नदीचं वळण, कापसाची शेतं आणि गुलामांच्या वंशातल्या गरीब कृष्णवर्णीय बायका. कामाचे जुने कपडे जोडून त्या गोधड्या शिवायच्या, अगदी आपल्या वाकळीच्या चुलतबहिणी. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या ‘व्हिटनी’ म्युझियममध्ये लागल्या आणि समीक्षकांनी त्यांची तुलना मॉडर्न पेंटिंगशी केली. २००६ मध्ये पोस्टाची तिकिटंही निघाली. आणि २००७ मध्ये काही गोधडीवाल्या कोर्टात गेल्या. गोधड्या आणि त्यांच्या डिझाइनच्या हक्कांचा मोबदला नीट मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २००८ मध्ये प्रकरण मिटलं. प्रसिद्धी मिळाली की पैसे आपोआप मिळतात, असं नसतं. कागद आधी करावा लागतो.

आणि फक्त परदेशी गिऱ्हाइकावर विसंबायचं तर २०२५ चा ऑगस्ट आठवा. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं आणि अमेरिकेवर जगणाऱ्या भदोहीच्या धंद्याचं धाबं दणाणलं. त्यापेक्षा पुण्या-मुंबईतलं गिऱ्हाईक बरं. ते निदान फोन उचलतं!

गिऱ्हाईक स्वतःच येणार?

हिंगोलीत आणखी एक गोष्ट घडतेय. औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये. विश्वातली अतिसूक्ष्म थरथर मोजायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ इथे येणार-जाणार. त्यांना परत जाताना घेऊन जायला काय असेल? प्लास्टिकची फुलदाणी? वहिनींना हे सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘त्यांच्याकडं थंडी लै असती का?’ असते म्हटलं. ‘मग पाच थरांची करावी लागंल.’

निघताना मी वाकळीची ऑर्डर दिली. आईच्या तीन साड्या कुरिअरनं पाठवायच्या ठरल्या. किंमत वहिनींनी सांगितली, दुकानदार मधे नाही म्हणून चार हजार. सवयीनं माझ्या तोंडात ‘थोडं कमी’ आलंच होतं, पण हिशेबाचा कागद मीच लिहिलेला! वहिनींनी ॲडव्हान्स घेतला, वहीत नाव लिहिलं आणि तारीख दिली दीड महिन्यानंतरची. सोयाबीन निघाल्याशिवाय सुई हातात घेणार नाही म्हणाल्या.

रग घेताय? हे बघा

• उलटा करून बघा. गाठीच्या गालिच्याची नक्षी मागेही स्पष्ट दिसते. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो ‘टफ्टेड’, म्हणजे यंत्राच्या पिस्तुलानं धागे भरून गोंदानं पक्का केलेला. तोही हाताचाच म्हणून विकतात, पण भाव गाठीच्या गालिच्याचा देऊ नका.

• वाकळीचे टाके मागून बघा. थोडे वाकडे असतील तर खूश व्हा. रुळासारखे सरळ असतील तर मशीन.

• नवी घोंगडी आधी दोन-तीन दिवस उन्हात टाका. लोकरीचा वास जातो. वर्षातून एकदा ऊन दाखवलं की कसर लागत नाही.

• दुकानदाराला विचारा, कुठल्या गावची? उत्तर आलं नाही तर किंमत कशाची देताय, याचा विचार करा.

• हिंगोलीला जाणं जमत नसेल तर पुण्याची ‘भीमथडी जत्रा’ आणि मुंबईचं ‘महालक्ष्मी सरस’ इथे बचत गटांच्या बायका स्वतः स्टॉलवर असतात. थेट बोला. घासाघीस करण्याआधी किती दिवस लागले ते विचारा.

कसं जाल?

मुंबई-जालना जनशताब्दी २०२४ पासून थेट हिंगोलीपर्यंत जाते. स्टेशनचं नाव ‘हिंगोली डेक्कन’. नाहीतर रेल्वेनं नांदेड किंवा परभणी गाठा, पुढे एसटी. औंढा नागनाथ आणि नर्सी एका दिवसात होतात. औंढ्याच्या देवळाचं खालचं यादवकालीन कोरीवकाम सावकाश बघा, वरचा भाग नंतर बांधलेला आहे, फरक लगेच कळतो. मे महिन्यात जाऊ नका, उन्हानं करपाल. हिवाळ्यात जा. रात्री थंडी वाजली की यजमानांकडे ब्लँकेट मागू नका. वाकळ मागा!